मदत हवी आहे: गॉर्डन टार्टनचे निळे चौकोन जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडात ॲबर्डीनला राहते, घरी चार चौकटींचा टेबलावरचा माग आहे. शेजारचे आजोबा गॉर्डन कुळातले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला गॉर्डन टार्टनचा (टार्टन म्हणजे ठरावीक रंगक्रमाचं स्कॉटिश चौकड्यांचं कापड) मफलर विणायला घेतला आणि फसले.

मला जे कळलंय ते आधी सांगते. वीण ट्विलची: दोन धाग्यांवरून, दोन खालून, दर ओळीला एक धागा पुढे सरकत. ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) जो रंगक्रम तोच बाण्याचा (आडव्या धाग्यांचा). रंग चारच, गडद निळा, काळा, हिरवा, पिवळा. पण एकमेकांत मिसळून कापडावर दहा छटा दिसतात. मूळ कापड 'ब्लॅक वॉच' पलटणीचं, त्यात पिवळी रेघ घातली की गॉर्डन. 1794 ला उभ्या राहिलेल्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीनं ते वापरलं. (मी पुरातन कुळाचार समजत होते, निघाला गणवेश!)

आता घोळ. पिवळी रेघ हिरव्याच्या बरोब्बर मधोमध, म्हणून तिथून क्रम उलटा फिरवला. पण आजोबांच्या किल्टच्या (पुरुषांच्या चुणीदार स्कॉटिश घागऱ्याच्या) फोटोत निळे चौकोन एकाआड एक वेगळे आहेत, माझे सगळे सारखेच. शिवाय त्यांचा हिरवा फिकट शेवाळी, माझा जवळजवळ काळा. किल्ट त्यांच्या विशीतला, म्हणजे रंग विटला असेल का? भेट गुपित आहे, त्यामुळे मागून आणता येत नाही. आजी मात्र कटात सामील आहेत.

प्रतिसाद

ताई, पिवळी रेघ हा आरसा नाही, म्हणजे क्रम तिथून उलटा फिरत नाही. आरसे दोन, आणि दोन्ही निळ्यात. मी घेते ती मोजणी अशी: निळा 24, काळा 4, निळा 4, काळा 4, निळा 4, काळा 24, हिरवा 24, पिवळा 4, हिरवा 24, काळा 24, निळा 22, काळा 4, निळा 4. पहिला आणि शेवटचा निळा एकदाच मोजायचा, बाकी सगळं परतताना पुन्हा. मग एका निळ्याच्या दोन्ही कडांना दोन-दोन काळ्या रेघा येतात, दुसऱ्याच्या मधोमध दोन. तुम्ही दुसऱ्यापर्यंत पोचलातच नाहीत. ताणा काढावा लागेल, इलाज नाही.

रंगाचं म्हणाल तर आजींना चुणीच्या आत बघायला सांगा. आतही तेवढाच फिका असेल तर तो विटलेला नाही, 'एन्शंट' छटेचा आहे. नावावर जाऊ नका, ते कापडाचं वय नव्हे. जुन्या वनस्पतिरंगांसारखी दिसावी म्हणून मुद्दाम फिकी ठेवलेली छटा. तुम्ही सूत 'मॉडर्न', म्हणजे गडद छटेचं, घेतलंय.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

आतही तस्साच फिका! आजी म्हणाल्या, "अगं, पहिल्यापासून असाच आहे." ताणा काढला, रडू आलं थोडं. नवीन सूत मागवतेय. आता एक पूर्ण आवृत्ती 312 धाग्यांची, माझी फणी (ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणारी) इंचाला 24 धाग्यांची, म्हणजे 13 इंच. मफलरला फार रुंद होईल का, की इंचाला 30 ची फणी घेऊ?