"सध्याची नोकरी का सोडताय?" याला मुलाखतीत काय सांगू?

भांडुपची_अकाउंटंट
नमस्कार. मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं माझ्याकडेच. गुरुवारी बीकेसीला मुलाखत आहे.

सोडण्याचं खरं कारण आमचे मालक. 20 तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं आणि खरेदीची बिलं माझ्या टेबलावर येतात 19 च्या संध्याकाळी. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी बसते आणि ती "हिच्यामुळे बसली" असं प्यूनपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांसमोर ऐकवतात. शिवाय पगार कधी 18 ला, कधी 25 ला. घरचे म्हणतात, "ग्रोथसाठी सोडतेय" एवढंच सांग. पण ते बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटतो. काय सांगावं?

ठाणे_एचआर
ताई, मी भरतीचंच काम करते. "ग्रोथ" म्हटलंत की पुढचा प्रश्न येणारच, "म्हणजे नक्की काय?" आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. समोरच्याला तुमच्या मालकाचा स्वभाव जाणून घ्यायचा नसतो. ही बाई भांडून निघालीय का, आणि आमच्याकडेही वर्षभरात कंटाळेल का, एवढंच तो चाचपत असतो.

मालक सोडून कामाबद्दलचं एखादं खरं कारण आहे का? तुमच्याकडे बॅलन्स शीट कोण करतं? बाहेरचे सीए करत असतील तर सरळ म्हणा, "महिन्याची सगळी रिटर्न्स मी भरते, पण फायनलायझेशन बाहेर जातं. मला ते शिकायचंय आणि इथे ते काम आहे." एवढं बोलून थांबा. शांतता झाली की ती भरून काढायला माणूस नको ते बोलतो, हे मी रोज बघते.

खोदून विचारलंच, "कुणाशी वाद?" तर सांगा, "वाद नाही. कागद फार उशिरा हातात येतात, मुदती सांभाळताना ओढाताण होते." यात खोटं काही नाही आणि कुणाचं नावही नाही.

डोंबिवली_फास्ट
पगार उशिरा होतो हे अजिबात बोलू नका. बाई पैशासाठी आलीय असं वाटतं.

गिरगावकर
वरच्या मताशी मी सहमत नाही. नवीन ठिकाणी बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागतात. तारखा त्यात दिसणारच. आवाज न चढवता एका वाक्यात सांगावं, "पगाराची तारीख निश्चित राहिलेली नाही." वेळेवर पगार मागण्यात लाज कसली?

मात्र ऑफिसात पैसे का नाहीत, कुठल्या पार्टीकडे अडकलेत, हे अकाउंट्सवाल्याने चुकूनही बोलू नये. मी अकाउंट्समध्येच आयुष्य काढलं, निवृत्त होईपर्यंत माणसं निवडली. जुन्या मालकाची वही माझ्यासमोर उघडणारा उमेदवार कितीही हुशार असला तरी मी घेतला नाही, कारण उद्या तो माझीही उघडणार. मालक ओरडतात हे सांगण्यापेक्षा हे बोलणं कितीतरी महागात पडतं.

अजून एक. तिथे किती वर्षं झाली? पाचच्या आसपास असतील तर ग्रॅच्युइटी बघूनच तारीख ठरवा. नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी ही रक्कम साधारणपणे पाच वर्षं भरल्यावरच मिळते.

भांडुपची_अकाउंटंट
सगळ्यांचे मनापासून आभार. बॅलन्स शीट खरंच बाहेरचे सीए करतात आणि मला ती करायचीय, पण मालकांच्या रागात ते कारण मी विसरूनच गेले होते. पुढच्या महिन्यात पाच वर्षं भरतील.

गिरगावकर काका, पार्ट्यांचं मी सांगितलं असतं असं नाही, पण "पगार का लेट?" विचारल्यावर तोंडातून गेलं असतं कदाचित. आता "ते मला सांगता येणार नाही" एवढंच म्हणेन. फक्त एक भीती आहे. त्यांनी चौकशीसाठी मालकांचाच नंबर मागितला तर?

ठाणे_एचआर
"ऑफिसात अजून सांगितलेलं नाही, ऑफर लेटर हातात आल्यावर खुशाल फोन करा," असं म्हणा. हे ऐकून कुणी नाराज होत नाही, आम्ही रोज ऐकतो. तोवर तुमच्या सीएंना विचारून ठेवा, त्यांनी तुमचं काम पाहिलंय. आणि रुजू कधी होणार विचारलं तर पाच वर्षं भरल्यानंतरची तारीख द्या. नोटीसचा महिना नोकरीतच धरतात, त्यामुळे राजीनामा त्याआधी दिलात तरी चालेल, फक्त शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे असू द्या.