पोलो जीटी टीएसआय जपून ठेवावी काय?

कोथरूडकर: माझ्याकडे 2014 सालची, चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आहे. 2022 मध्ये तिचे येथील उत्पादन थांबल्यापासून ती विकण्यास मन धजत नाही. पुढे तिला संग्राह्य गाडीचे मोल येईल काय?

जुना सभासद: येईल, परंतु घाई नको. आपल्याकडे व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन मूळ स्वरूपातले आणि 50 वर्षांहून जुने असावे लागते. तोवर ब्रेक-क्लच कसेही जुळवता येतील, पण सात गिअरच्या डीएसजीचे, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण कोण दुरुस्त करणार, हा खरा प्रश्न आहे. माझा कौल रांजणगावला तयार झालेल्या, फियाटच्या 145 अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोला. ती मुळातच फार थोड्यांनी घेतली.

चिंचवडकर: आमच्याकडे टाटा सिएरा आहे, तीच तीन दारांची, 1991 मध्ये बाजारात आलेली. मागच्या वळणदार, न उघडणाऱ्या काचेभोवतीच्या रबरी पट्टीसाठी पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात दोन रविवार घालवले आणि अखेर भलत्याच गाडीची पट्टी कापून बसवली. तेव्हा इंजिनाची चिंता नंतर करावी. दिवे, रबर आणि आतील प्लॅस्टिकचे भाग आजच घेऊन ठेवावेत.

कोथरूडकर: आभारी आहे. मागच्या मालकाने बदललेली चाके काढून मूळची बसवण्यापासूनच आरंभ करतो. ती सुदैवाने माळ्यावर आहेत.