युद्धातलं व्यंगचित्र: टीका की सरकारी भोंगा?

जुनी_शाई
एक गोष्ट बरेच दिवस खुपतेय. एरवी आपल्याच पंतप्रधानाचं नाक हातभर लांब काढणारा व्यंगचित्रकार युद्ध पेटलं की शत्रूला उंदीर, कोळी, माकड करायला लागतो आणि घरच्यांना सिंह. माझं म्हणणं सरळ आहे. युद्धात व्यंगचित्र उरतच नाही, त्याचं प्रचारपत्रक होतं. चित्रकार प्रामाणिक असला तरी.

पहिल्या महायुद्धातला लुई रामाकर्स घ्या. माणूस डच, म्हणजे तटस्थ देशातला. बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांची चित्रं त्याने ‘डे टेलेग्राफ’ या डच दैनिकात स्वतःहून काढली. ब्रिटनच्या ‘वेलिंग्टन हाऊस’ या गुप्त प्रचारखात्याने ती उचलली आणि जगभर वाटली. १९१७ मध्ये तो स्वतः अमेरिकेचा दौरा करून आला. युद्धानंतर लोकांना कळलं की त्या काळी पसरवलेल्या कहाण्यांत मीठमसाला बराच होता. याची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. ज्यूंच्या कत्तलीच्या खऱ्या बातम्या आल्या, तेव्हा अनेकांनी ‘पुन्हा बेल्जियमच्या गोष्टी’ म्हणून मान फिरवली.

तिरकस_रेघ
शाईराव, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९१४ मध्ये जर्मन फौजांनी बेल्जियम आणि फ्रान्समध्ये ६,००० हून जास्त नागरिक मारले आणि लुव्हँ शहरातल्या विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. जर्मनांनी मुलांचे हात कापल्याच्या कहाण्या खोट्या असतील, पण प्रेतं खरी होती. खऱ्याला भडक रंग दिला म्हणून ते खोटं होत नाही.

आणि ब्रिटनच्या वृत्तपत्रांत चित्रं काढणाऱ्या डेव्हिड लोला कुठे बसवणार? नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटनचे मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीत गेले, तेव्हा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने त्यांच्याकडे लोच्या चित्रांचं गाऱ्हाणं मांडलं. हॅलिफॅक्सनी परत येऊन लोला ‘जरा हात आवरा’ सांगितलं. त्याने काही काळ आवरलाही. हिटलर-मुसोलिनीऐवजी ‘मझलर’ नावाचा एक जोडहुकूमशहा काढून वेळ मारून नेली. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर पुन्हा मूळ पदावर! तेव्हा तो सरकारच्या विरोधात होता आणि १९३९ नंतर तोच देशाचा आवाज झाला. मला तर वाटतं लो जागचा हलला नाही, सरकार त्याच्या जागी येऊन उभं राहिलं.

जुनी_शाई
लो मोठाच. पण जून १९४० चं ते चित्र आठवा: खवळलेला समुद्र, खडकावर उभा सैनिक, आकाशाकडे उगारलेली मूठ, खाली ओळ ‘ठीक आहे, एकटे तर एकटे’. काटा येतो अंगावर, मान्य. त्यात व्यंग कुठंय? भिंतीवर चिकटवा, सैन्यभरतीची जाहिरात तयार.

पेन्सिल_टोक
भरतीची जाहिरात म्हणे! मग सरकारला ही मंडळी एवढी का टोचायची? मार्च १९४२. ब्रिटनच्या ‘डेली मिरर’मध्ये फिलिप झेकचं चित्र आलं. जहाज बुडालंय, एक खलाशी फळकुटाला धरून समुद्रात पडलाय आणि खाली सरकारी घोषणा: पेट्रोल एका पेनीने महागलं. झेकला म्हणायचं होतं, पेट्रोल उधळू नका, ते आणताना माणसं मरतात. सरकारने वाचलं ते असं, की खलाशांच्या जिवावर कोणीतरी नफा खातंय. चर्चिलचा पारा चढला, गृहमंत्री मॉरिसनांनी अख्खं वृत्तपत्र बंद करण्याची धमकी दिली. काटकसरीच्या सरकारी मोहिमेला मदत करणारं चित्र, आणि त्यालाच देशद्रोहाचा वास!

अमेरिकेच्या बिल मॉल्डिनने सैन्याच्याच वृत्तपत्रात दाढी वाढलेले, चिखलात माखलेले दोन शिपाई काढले, तर जनरल पॅटन भडकले. भोंगे असे वाजत नाहीत.

दुसरी_बाजू
तिघंही सोयीचे नमुने काढताय. मी गैरसोयीचा काढते. पुढे मुलांचा लाडका झालेला डॉ. स्यूस तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ दैनिकात राजकीय चित्रं काढायचा. १३ फेब्रुवारी १९४२ चं चित्र: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाच्या लोकांची न संपणारी रांग, सगळ्यांचा चेहरा एकच, आणि प्रत्येकजण स्फोटकाचं पुडकं घेऊन पुढे सरकतोय. सहा दिवसांनी रूझवेल्टनी आदेश काढला आणि सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली. त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक. एका चित्रामुळे आदेश निघाला असं मी म्हणत नाही. पण स्यूस सरकारी पगारावर नव्हता, आणि त्याच वृत्तपत्रात तो ज्यूद्वेषावर, काळ्या कामगारांना दारं बंद करणाऱ्या मालकांवर कोरडे ओढत होता! खुद्द शहाण्यालाच भूल पडली, तिथे भोंग्याला सरकार लागतंच कशाला?

तिरकस_रेघ
ताई, हे झोंबलं. पण फरक तुम्हीच दाखवलात की: ‘सगळ्यांचा चेहरा एकच’. लोचा हिटलर हा हिटलरच आहे, शेजारचा जर्मन बेकरीवाला नव्हे. ‘डेर श्टुर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या नाझी साप्ताहिकातला ज्यू मात्र नेहमी तोच, नाकासकट. त्याचा संपादक श्ट्रायखर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला फासावर गेला, तोही हातात बंदूक न धरता. नाव असलेल्या माणसावर रेघ ओढली तर टीका, जमातीवर ओढली तर विष. माझी फूटपट्टी एवढीच.

जुनी_शाई
फूटपट्टी बरी आहे, पण एरिख ओझर तिच्यात मावतो का बघा. या जर्मन चित्रकाराने नाझी सत्तेवर येण्याआधी हिटलर-गोबेल्सची टर उडवली म्हणून त्याला कामच मिळेना. मग टोपणनावाने बापलेकाच्या निरागस चित्रकथा काढल्या. १९४० पासून गोबेल्सच्याच ‘दास राइश’ साप्ताहिकात चर्चिल, स्टालिन, रूझवेल्ट काढू लागला. म्हणजे नाव असलेली माणसं, तुमच्या पट्टीने चोख टीका! आणि खासगीत नाझींना शिव्या. शेजाऱ्याने चुगली केली, मार्च १९४४ मध्ये अटक झाली, आणि खटल्याच्या आदल्या रात्री त्याने कोठडीतच जीव दिला.

त्याच्या चर्चिलला मी पत्रकच म्हणणार. तुम्ही काय म्हणता?

तिरकस_रेघ
पत्रकच. पण ते त्याने कुणाच्या भीतीने काढलं, तेही खाली लिहायला हवं.

दुसरी_बाजू
स्यूसच्या चित्राखाली मग काय लिहाल? त्याला तर कुणाचीच भीती नव्हती.