मदत हवी आहे: वाचनाची बक्षिसं बंद कशी करावीत?

मुलगी दुसरीत. आधी पुस्तकं आपणहून उघडायची. सुट्टीत घरात तक्ता लावला: दर पुस्तकामागे एक चांदणी, दहा चांदण्यांना खेळणं. आता ती शोधून शोधून सगळ्यात पातळ, मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढते आणि शेवटचं पान उलटायच्या आत विचारते, "चांदणी?"

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग वाचलाय. बक्षीस मिळणार हे आधीच सांगितलेल्या मुलांची चित्रं काढायची आवड नंतर घटली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची नाही. म्हणून चांदण्या थांबवल्या, तर पुस्तकंच मिटली. मग न सांगता अधूनमधून दिल्या. ती आता तक्त्यापाशीच घुटमळते. (मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली, अधूनमधून मिळणाऱ्या दाण्यासाठी चोच मारत राहणारी कबुतरं बरी!) तोंडी कौतुक तर तिच्या खिजगणतीत नाही.

वाचता नीट येतं, डोळे तपासलेत, मोबाइल हातात देत नाही. आजी रात्री गोष्ट वाचते तेव्हा मात्र "अजून एक" चालूच असतं.

तर बक्षीस हळूहळू विरळ करत न्यावं, की तक्ता काढून टाकून काही महिने नुसतं वाचूनच दाखवावं? लहान मुलांबरोबर हे प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा, आपणहून वाचणं परतायला साधारण किती काळ गेला?