‘विधवा’मधला ‘धव’ आला कुठून?

तापीकाठची: विधवा म्हणजे वि + धव. धव म्हणजे नवरा. तो गेला की बाई बिनधवाची! शब्दाच्या पोटातच अपमान आहे. अर्जातून, पत्रिकेतून, बोलण्यातून हा शब्द हद्दपार करा.

अमळनेरकर: हे वाचून झोप उडाली म्हणून लिहितोय. ही फोड मीही शाळेत पाठ केली होती, पण ती उलटी आहे. ‘विधवा’ ऋग्वेदात आहे, 10व्या मंडलाच्या 40व्या सूक्तात. लॅटिनमध्ये विदुआ, रशियनमध्ये व्दोवा, जर्मनमध्ये विट्वे, इंग्रजीत विडो. या सगळ्यांनी काय ‘वि’ला ‘धव’ जोडला? मूळ धातूचा अर्थ वेगळं पडणं, उणं होणं. पुढे लोकांनी ‘वि’ला उपसर्ग समजून सोललं, खाली ‘धव’ उरला आणि त्याला नवऱ्याचा अर्थ चिकटला. सधवा त्यानंतरची. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातले शब्द उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, याच शब्दाच्या चार व्युत्पत्त्या आहेत: आधार नसलेली, थरथरणारी, सैरावैरा धावणारी, आणि शेवटी धव गमावलेली. खात्री असती तर एकच दिली असती.

धुळ्याचा_मास्तर: यास्क कितीतरी शब्दांना अशा तीन-चार व्युत्पत्त्या देतो, ती त्याची पद्धतच आहे. त्यावरून त्याला खात्री नव्हती असं ठरत नाही. बाकी बरोबर.

यावलचा_भो: धव म्हणजे आपल्या सातपुड्यातला धावडाही. बाळंतिणीच्या लाडवात त्याचाच डिंक पडतो. आणि शेजारच्या चाची विधवेला ‘बेवा’ म्हणतात, तेव्हा मला ‘बे’ म्हणजे ‘बिना’ वाटायचं. तो फारसी शब्दही याच कुळातला निघाला.

तापीकाठची: बरं, धव मागे घेते. पण तुमच्याच यादीत बघा ना. इंग्रजीत विडो आधी, विडोअर मागून शेपूट लावून केलेला. जर्मनमध्येही तेच. बायको गेलेल्या पुरुषाला वेगळं नाव द्यायची गरजच पडली नव्हती. शिक्का आधी बाईलाच बसला. हे व्युत्पत्तीनं पुसलं जातं का?

पारोळ्याची_सून: तुम्ही धातू शोधा, मी हळद सांगते. माझी माय 34व्या वर्षी एकटी पडली. भावाच्या लग्नात ती हळदीची वाटी घेऊन पाटाशी आली, तर मावशीनं मनगट धरलं, “माय, तू जरा बाजूले बस.” पोरगा तिचा, शेत विकून लग्न तिनं उभं केलेलं. तिनं वाटी खाली ठेवली आणि बोटांची हळद पदराला पुसली. तो पिवळा डाग अजून त्या लुगड्यावर आहे. पत्रिकेत तिच्या नावापुढे गं. भा. छापलेलं होतं.

धुळ्याचा_मास्तर: ताई, वाईट झालं. पण गं. भा.ला दोष देऊ नका. गंगाभागीरथी हा मानाचा शब्द आहे. आमच्या आजीच्या नावाआधी आजोबांचे भाऊ आदरानं लिहायचे.

पारोळ्याची_सून: मान? नाव वाचायच्या आधीच कळतं की हिचा नवरा नाही, हा मान? 2023मध्ये मंत्र्यांनी विधवांसाठी हाच शब्द सुचवला तेव्हा उगाच गदारोळ झाला का? तुमच्या आजीला कोणी विचारलं होतं?

धुळ्याचा_मास्तर: माझ्या आजीपर्यंत जाऊ नका. मग सौ. पण काढा! नवरा जिवंत असल्याचीच पाटी आहे ती.

पारोळ्याची_सून: काढा. मी केव्हाची म्हणतेय. दादा, पत्नी गेलेल्या किती बापांच्या नावापुढे विधुर छापलेलं बघितलंत?

यावलचा_भो: कोल्हापूरकडच्या हेरवाडनं 2022मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. आपल्याकडे बहिणाबाईंचं नाव सगळे घेतात, पण त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि पोरं वाढवत शेतात राबल्या, हे कोण बोलतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर कोण बसतं आणि ओट्यावर कोण, ते बघा एकदा.

धुळ्याचा_मास्तर: ठराव करून मावशा बदलत नाहीत. सौ.चं मात्र मान्य. जड जातंय, पण मान्य.

अमळनेरकर: शब्द निर्दोष आहे हे माझं म्हणणं मी सोडत नाही. वेगळं पडणं एवढाच त्याचा अर्थ होता, बाजूला बसवणं आपण केलं. भाचीच्या लग्नाचा मसुदा समोर आहे. आईपुढचं गं. भा. आत्ताच खोडलं, बायकोपुढचं सौ. पण. बायको रागावली आहे.

पारोळ्याची_सून: आणि पहिली हळद कोण लावणार, दादा?

अमळनेरकर: ते घरात अजून बोललो नाही.