पहिला मेटल डिटेक्टर: सासवडचं शेत आणि कोकणातली पुळण, कोणता घ्यावा?

नवखा_सासवड
नमस्कार मंडळी. छंद म्हणून डिटेक्टर घ्यायचाय, बजेट तीस हजारांच्या आगेमागे. वापर मुख्यतः सासवडजवळच्या घरच्या शेतात (निम्मं काळं रान, निम्मं मुरमाड), वर्षातून दोन-तीनदा दिवेआगर-काशीदला. जुनी नाणी मिळाली तर उत्तमच, नाहीतर हरवलेल्या अंगठ्या, जोडवी, विळे-खुरपी. विचारायचं असं, की गॅरेट एस २५० सगळीकडे 'नवख्यांसाठी बेस्ट' म्हणून सुचवतात, तो घ्यावा का? 'दोन मीटर खोल' लिहिलेली स्वस्त यंत्रं कशी असतात? आणि पुरंदरच्या घेऱ्यात फिरवला तर चालेल का?

काळा_पाषाण
आधी माती, मग यंत्र. परदेशी व्हिडिओत एस २५० सुंदर चालतो, कारण तिथली माती बहुतेक वेळा सौम्य असते. आपल्याकडे खाली बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट असतं, आणि त्यापासून झालेल्या मुरमात आणि काळ्या मातीतही ते उतरतं. डिटेक्टरला ती माती स्वतःच एक मोठा धातू वाटते, त्यामुळे तो कटकट करत राहतो नाहीतर खोलीवरचं नाणं गिळून टाकतो.

यावर उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करून यंत्राला शून्यावर आणणं. एस २५० मध्ये तो कारखान्यात एकदा बसवलेला असतो, तुम्हाला हात लावता येत नाही. त्यातून सोबत मिळणारी कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) कॉन्सेंट्रिक. ती कॉइल शंकूच्या आकारात खाली बघते, म्हणून खनिजयुक्त मातीत जास्त गडबडते. डीडी कॉइल सुरीच्या पात्यासारखी अरुंद पट्टी बघते, म्हणजे एका वेळी तिच्याखाली माती कमी येते. सासवडला डीडीच हवी.

खरेदीआधी फुकटात होणारी एक चाचणी: जुन्या स्पीकरमधलं चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि शेतातल्या कोरड्या, भुसभुशीत मातीत फिरवा. पिशवीला काळी भुकटी चिकटून मिशा फुटल्या, तर हाताने बॅलन्स करता येणारंच यंत्र घ्या. शेताच्या चार कोपऱ्यांत वेगवेगळी करून बघा. ओढ्याकाठी आणि माळावर निकाल एक येत नाही.

टोन_ऐका
एस २५० ला इतकं झोडपू नका. सोसायटीच्या हिरवळीत कानातलं पडलं, बाहेरून आणून टाकलेली माती आहे, तिथे तो झकास काम करतो. चार पेन्सिल सेल घातले की सुरू. सासवडच्या मुरमाला मात्र नको, हे मान्य.

मॉडेलबद्दल माझं मत: शेत ८० टक्के असेल तर मिनेलॅब एक्स-टेरा प्रो (५, ८, १०, १५ किलोहर्ट्झपैकी एक वारंवारता निवडता येते) किंवा नोक्टा सिम्प्लेक्स मालिकेतला एक. दोन्हींत ग्राउंड बॅलन्स तुम्हाला जागेवर करता येतो, आणि दोन्ही पूर्ण पाणबंद आहेत, म्हणजे पावसाळ्यात चिंता नाही. किनारा महत्त्वाचा असेल तर मिनेलॅब व्हँक्विश ३४० किंवा ४४०. ते एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात. फक्त त्यांची कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी नाही, आणि बॅलन्स ते स्वतःच ठरवतात, तुम्हाला ढवळाढवळ करता येत नाही.

भाव रोज बदलतात, ते घेताना बघा. त्यापेक्षा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कॉइलची वायर तुटली तर बदली कॉइल भारतात मिळेल का? वायर कनेक्टरपाशीच तुटते, कारण लोक ती दांड्यावर सैल गुंडाळतात आणि ती लोंबकळून हिसके खाते.

काळा_पाषाण
'दोन मीटर' बद्दल राहिलंच. हातात धरायच्या कुठल्याही यंत्राला दोन मीटरवरचं नाणं दिसत नाही. तो आकडा गाडीच्या बॉनेटएवढ्या पत्र्यासाठी असतो. रुपयाएवढ्या नाण्यासाठी सौम्य मातीत वीतभर, आपल्या मुरमात त्याच्या निम्मं मिळालं तरी समाधान माना.

आणि 'आठशे फुटांवरून सोनं दाखवणारी' अँटेनावाली यंत्रं, म्हणजे हातात दोन सळया आणि मध्ये एक चकचकीत डबा, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लाखभराला विकतात आणि आत शोधक असं काही नसतं. गुप्तधनाच्या नावाने सोबत मांत्रिक येत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा विषय आहे, डिटेक्टरचा नाही.

बांधावरचा_वकील
पुरंदरचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. नाही चालणार. तिथे लष्कराचा तळ आहे. इतर गडांबाबत: केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो, राज्य संरक्षितांना महाराष्ट्राचा १९६० चा. दोन्हींत परवान्याशिवाय उत्खनन गुन्हा आहे. शिवनेरी, लोहगड, राजगड तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत. गडावर डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस तिथल्या पहारेकऱ्याला काय वाटेल, याचा विचार करा. वनखात्याच्या जागेतही नको. खडकीचं रणमैदान १८१७ चं म्हणून मोह होतो, पण त्या भागात लष्करी हद्दी पसरल्यात.

घरच्या शेतालाही कायदा आहेच. १८७८ च्या 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट'नुसार जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. हो, आजही दहाच रुपये. कळवलं नाही तर शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुढे चौकशीत मालक कुणी नाही असं ठरलं आणि जागेचा मालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश.

म्हणून नाण्यांचा गाडगाभर ढीग लागला तर हात थांबवा, आहे तिथे फोटो काढा, गाडगं उचलू नका. कालपरवा हरवलेली अंगठी वेगळी, ती ज्याची त्याला द्यायची. दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची परवानगी कागदावर घ्या. सात-बाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांची.

नवखा_सासवड
धन्यवाद. गडांचा विचार सोडला. एक्स-टेरा किंवा सिम्प्लेक्सवर मन बसतंय. आता दोन शंका. लोखंड वगळायचं सेटिंग लावलं तर शेतातल्या खिळ्यांचा त्रास जाईल ना? आणि किनाऱ्यावर हे चालणार नाहीत का?

टोन_ऐका
खिळे जातील, पण जास्त वगळू नका. धातू कोणता असावा याचा अंदाज यंत्र पडद्यावर आकड्याने देतं. सोन्याची बारीक अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद साधारण एकाच आकड्यावर येतात. तो कागद वगळला की अंगठीही गेली. फक्त अगदी खालचा, लोखंडाचा पट्टा बंद ठेवा, बाकी सगळं खणा. पहिले वीस-पंचवीस तास हाच कंटाळा आहे.

आपल्या नाण्यांचीही एक गंमत. १९९२ नंतरचं स्टीलचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटतं, म्हणून आकडा एका जागी थांबत नाही, लोखंडाचा आकडा आणि वरच्या पट्टीतला (चांगल्या धातूचा) आकडा यांत उड्या मारतो. वाकडा खिळा किंवा बाटलीचं झाकणही तसंच करतं. तेव्हा जागेभोवती ९० अंशांत फिरून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवा. नाणं बहुधा दोन्हीकडून बोलतं, खिळा एका बाजूने गप्प होतो.

किनारा: कोरड्या वाळूत सगळे चालतात. ओल्या, खाऱ्या वाळूत एका वारंवारतेचं यंत्र मिठाला तरी सावरतं नाहीतर खनिजाला, दोन्हींना नाही, आणि कोकणात ठिकठिकाणी काळ्या वाळूचे थर आहेत. वर्षातून दोन-तीनदाच जात असाल तर भरतीच्या रेषेच्या वर राहा आणि त्यासाठी यंत्र बदलू नका.

काळा_पाषाण
पहिल्या दिवशीचा क्रम देतो.

बूट लोखंडी टोपीचे नकोत. मोबाइल मागच्या खिशात, फ्लाइट मोडवर. शेतावरून विजेच्या तारा जात असतील तर नॉइज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळायचं सेटिंग) आधी करा, तेही कॉइल स्थिर धरून.

मग धातू नसलेली हातभर जागा शोधा. बॅलन्सचं बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून ३० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली-वर करायची, आवाज मावळेपर्यंत. काळ्या रानातून मुरमात गेलात की पुन्हा करायचं, हेच लोक विसरतात. त्यानंतरही बडबड असेल तर सेन्सिटिव्हिटी (यंत्राचा हळवेपणा) दोन घरं खाली आणा. ती पूर्ण वर ठेवल्याने खोली वाढत नाही, गोंगाट वाढतो.

कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. कडेला हात उचलला जातो आणि तिथेच खोली मरते. जुन्या चुलीची जागा, विटांचे, कौलांचे तुकडे खोटा आवाज देतात, कारण भाजलेली माती चुंबकीय होते.

सरावाला पाच रुपयांचं एक पितळी नाणं, एक खिळा आणि अंगठीएवढं गुंडाळलेलं ॲल्युमिनियम ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरा, खुणेला काड्या रोवा. १५ वरचं नाणं ऐकू आलं नाही तर यंत्राला दोष देऊ नका, ती तुमच्या मातीची मर्यादा.

बजेटमधले दोन-तीन हजार पिनपॉइंटरसाठी (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) बाजूला ठेवा. ढेकळात नेमकं कुठे आहे ते त्याशिवाय कळत नाही, आणि नाण्यावर खुरप्याचा ओरखडा पडला की गेलं. खुरपं पुण्याच्या बोहरी आळीतलं साधं चालेल, पण मूठ पक्की बघा, मुरमात पहिल्याच दिवशी निखळते. तीन बाजूंनी कापून गवताचं ढेकूळ बिजागरीसारखं उलटा आणि काम झालं की परत दाबून बसवा. रान नांगरल्यावर, पेरणीआधी गेलात तर तेही करावं लागणार नाही.