‘सास दोन मिनिटांत बसतं’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या विंडोजवर बसवून दाखवावं

भाऊ_विंडोजवाले
काल इथल्या एका सदस्याने लिहिलं की सास (व्हेरिएबल्स, लूप वगैरे वापरून लिहायची भाषा, जिच्यातून शेवटी वेबपानाचं सीएसएस तयार होतं) बसवायला दोन मिनिटं पुरतात. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, एक ओळ मारा, झालं. आणि ज्याला तेवढंही जमत नाही त्याने सीएसएसच्या वाटेला जाऊ नये. ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांकडे घरातला जुना डेस्कटॉप असतो, तोही बहिणीची परीक्षा नसेल तेव्हा. पोरगं नोड टाकतं, सास ग्लोबल (अख्ख्या मशीनसाठी) टाकतं, पॉवरशेल उघडून ‘सास’ टाइप करतं आणि समोर तांबडी अक्षरं येतात: या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. कारण एनपीएम (नोडसोबत येणारं, पॅकेजं बसवणारं साधन) तिथे एक पीएस-वन फाइल, म्हणजे पॉवरशेलची स्क्रिप्ट, ठेवतं आणि घरगुती विंडोजची एक्झिक्युशन पॉलिसी मुळातच ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. पोराला वाटतं, आपणच काहीतरी मोडलं. उपाय सोपा आहे: साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा, नाहीतर पॉलिसी आपल्या युजरपुरती ‘रिमोटसाइन्ड’ करा. पण हे सांगायचं सोडून तुम्ही त्याची लायकी काढता.

आणि नवशिक्याला नोड हवंच कशाला? डार्ट सासची (डार्ट भाषेत लिहिलेलं सध्याचं मुख्य सास) विंडोजची झिप गिटहबवर तयार मिळते. उघडा, सी ड्राइव्हवर ठेवा, फोल्डर पाथमध्ये (विंडोज जिथे प्रोग्रॅम शोधतं त्या यादीत) घाला, प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा (हे शेवटचं हमखास विसरतात). नुसती सास-डॉट-बॅट उचलून दुसरीकडे नेऊ नका, खरा डार्ट तिच्या शेजारच्या एसआरसी फोल्डरात असतो. वर हे एनपीएमवाल्या निव्वळ जावास्क्रिप्ट सासपेक्षा पळतंही जास्त.

टर्मिनल_तात्या
‘एक सदस्य’ म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजताय कशाला?

ग्लोबल टाका असं मी म्हटलंच नव्हतं. प्रोजेक्टमध्ये टाका आणि एनपीएक्सने (प्रोजेक्टमधलं पॅकेज चालवणारी कमांड) चालवा. पॅकेज-लॉक-डॉट-जेसनमध्ये नेमकी आवृत्ती नोंदलेली राहते, सगळ्या टीमकडे तीच येते. तुमच्या झिपवाल्या पोरांपैकी कुणाकडे कुठलं सास आहे, हे वर्षभराने ज्योतिषाला विचारायचं का? शिकवणीत असली शॉर्टकटची सवय लावता आणि मग ती पोरं आमच्याकडे मुलाखतीला येतात.

भाऊ_विंडोजवाले
एनपीएक्सचीही पीएस-वनच असते, साहेब. तीच तांबडी ओळ येते. करून बघा म्हटलं असतं, पण तुमच्याकडे विंडोज आहे कुठे!

रुबीकाळची_रमा
तुम्ही दोघंही सुखाच्या काळात भांडताय. आम्ही आधी सासचं जेम (रुबी भाषेतलं पॅकेज) चालवण्यापुरतं रुबी बसवलं. ते रुबी सास 26 मार्च 2019 ला अधिकृतपणे बंद झालं. तोवर सगळे नोड-सासवर (सी++ मधल्या लिबसासला नोडमध्ये आणणारं पॅकेज) गेले होते आणि त्याने जे छळलं ते विचारू नका. तयार बायनरी मिळाली नाही की नोड-जिप (सी++ कोड आपल्याच मशीनवर कंपाइल करणारं साधन) जागं व्हायचं. त्याला पायथन 2.7 हवं. पायथन 3 असेल तर चालायचं नाही. वर व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स. बटणाचा रंग बदलायला सी++ कंपायलर!

ठाण्यातल्या एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. रिलीजच्या संध्याकाळी कुणीतरी बिल्ड मशीनवरचं नोड अपडेट केलं आणि नोड-सासला त्या नोडसाठीचं बायंडिंग (तयार बायनरी) सापडेना. कुणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही, मॅनेजर मात्र माझ्याकडेच बघत होता. ऑक्टोबर 2020 मध्ये लिबसास निवृत्त केल्याचं वाचलं तेव्हा मी घरी शिरा केला होता.

अवांतर: पाथ घालायला ‘सेटएक्स’ ही कमांड कुणीही वापरू नका. तो 1024 अक्षरांवर कापतो आणि शेपटाकडची चार सॉफ्टवेअरं गुपचूप बंद पडतात. खिडकी उघडून हाताने घाला.

साधं_सीएसएस
पण सास हवंच कशाला? नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) 2023 मध्ये क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत आलं. व्हेरिएबल्स त्याआधीपासून आहेत. पोरांना नोटपॅड द्या, ब्राउझर द्या. धागा बंद करा.

टर्मिनल_तात्या
ब्राउझरच्या नेस्टिंगमध्ये ‘अँड-डॅश-टायटल’ लिहून क्लासचं नाव जोडून दाखवा. नाही होत. मिक्सिन (पुन्हा पुन्हा वापरायचा नियमांचा गठ्ठा) कुठेय? ‘ईच’ची लूप कुठेय? अर्धवट माहितीवर धागे बंद करायला निघालेत.

साधं_सीएसएस
क्लासची नावं तुकड्यातुकड्यांनी जोडायची आणि मग सर्च केलं की सापडत नाही म्हणून रडायचं. ठेवा तुमच्याकडेच. आणि ‘इम्पोर्ट’चं (दुसरी सास फाइल आत आणायची जुनी पद्धत) काय? 1.80 पासून सास स्वतःच त्याला मोडीत काढतंय. बूटस्ट्रॅप 5 (सासमध्ये लिहिलेला तयार डिझाइनचा संच) कंपाइल केलं की स्क्रीनभर पिवळ्या सूचना. नवशिक्याला हे दाखवायचं?

रुबीकाळची_रमा
‘क्वाएट-डेप्स’ लावा, लोड पाथवरून आलेल्या, म्हणजे दुसऱ्यांच्या, फाइलींची तोंडं बंद होतात. आपलं स्वतःचं मात्र ‘इम्पोर्ट’च्या जागी आलेल्या ‘यूज’वर न्यावंच लागेल.

शिरोरेखा_शोधक
जरा अवांतर. बातम्यांच्या एका मराठी साइटचं काम आलंय. आधीच्या माणसाने मथळ्यांचं एक मिक्सिन केलंय, त्यात लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर) आहे. इंग्रजी मथळे झकास दिसतात, मराठीत मात्र प्रत्येक अक्षराची शिरोरेखा तुटते. दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं. सास बसलं, वॉच चालू आहे, सगळं कंपाइल होतंय. याचं काय करू?

साधं_सीएसएस
यात सासचा काय संबंध? देवनागरीला लेटर-स्पेसिंग द्यायचंच नसतं. जिथे मराठी असेल तिथे शून्य करा.

टर्मिनल_तात्या
मिक्सिनलाच एक आर्ग्युमेंट द्या, मराठीसाठी शून्य. एका जागी बदल. सास यासाठीच तर असतं.

साधं_सीएसएस
आणि उद्या त्याच साइटवर मराठी बातमीत इंग्रजी मथळा आला की? भाषा मजकुराची असते, मिक्सिनची नाही. एचटीएमएलमध्ये लँग ‘एमआर’ (मराठीचा भाषा-कोड) लिहा आणि ‘लँग’ सिलेक्टरने स्पेसिंग काढा. फुकटचा आणखी एक फायदा: फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. नाहीतर मराठी वर्तमानपत्रात हिंदीचा ल घेऊन बसलेले असतात आणि कुणाच्या बापाला पत्ता नसतो.

टर्मिनल_तात्या
बाप काढायचं काम नाही.

साधं_सीएसएस
ह.घ्या. (हलकेच घ्या). तुमचा नव्हता काढला. पण लागला असेल तर बघा, तुमच्या साइटवर ल कुठला आहे ते.

टर्मिनल_तात्या
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भाऊ_विंडोजवाले
माझा धागा सास बसवण्याबद्दल होता.

शिरोरेखा_शोधक
भाऊ, माफ करा, पण इथे कामाचं काहीतरी मिळतंय. लँग ‘एमआर’ टाकलं, लेटर-स्पेसिंग काढलं. रेघ जुळली, ल पण बदलला!

टर्मिनल_तात्या
‘लँग’ सिलेक्टर बरोबर आहे. तो सासच्या फाइलमध्येही लिहिता येतो, एवढंच नोंदवून ठेवतो. आणि भाऊ, घरी एकट्याने शिकणाऱ्याला झिप द्या, माझी ना नाही. टीममध्ये आला की त्याला एनपीएमवर आणायची जबाबदारी तुमची. लायकीबद्दलचं वाक्य जरा जास्त झालं असेल, तुमच्या ‘विंडोज आहे कुठे’इतकंच.

भाऊ_विंडोजवाले
वा, उपकार झाले. पोरांना कळवतो, तात्यांची परवानगी मिळाली म्हणून.

शिरोरेखा_शोधक
शेवटचं विचारतो. ‘मूर्तींना’ मधला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातोय.

रुबीकाळची_रमा
लाइन-हाइट किती आहे?

शिरोरेखा_शोधक
1.1. मथळ्याच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन पण आहे.

रुबीकाळची_रमा
1.6 करून बघा. आणि ते हिडन उडवा, कुणी का लावलंय ते नंतर शोधू.